दहावं पाणी

वर्तमानपत्राची गुंडाळी सुटायच्या आधीच बुलूला कळलं, आत काय आहे ते.

कागद एका कोपऱ्याला फाटला होता आणि तिथून चौकटीचं हिरवट लाकूड डोकावत होतं. ती चौकट तिनंच करून घेतली होती, चार वर्षांपूर्वी, राणाघाट स्टेशनसमोरच्या फ्रेमवाल्याच्या डोक्यावर तासभर उभं राहून. तिच्या हातातल्या कपबशा खणखणल्या.

"सांडशील," बौदी म्हणाली. "हिरण्मयला दे आधी. पहाटेच्या गाडीनं आलाय बिचारा."

हिरण्मय तलापात्र कोलकात्याहून आला होता. त्याच्या गॅलरीत माघ महिन्यात बौदीचं प्रदर्शन लागायचं होतं. पस्तीस चित्रं. अडुसष्टाव्या वर्षी नीहारकणा दत्तगुप्तचं कोलकात्यातलं पहिलं मोठं प्रदर्शन. मोठे लोक तिला वॉश पद्धतीची जाणकार म्हणायचे, गल्लीतले लोक 'ड्रॉइंगदीदी' म्हणायचे, कारण तीस वर्षं मुलींच्या शाळेत तिनं आंबे आणि घागरी काढायला शिकवल्या होत्या. आणि बुलू तिला बौदी म्हणायची. थोरल्या भावाची बायको.

"मासीमा, रागावू नका," हिरण्मय दोरी सोडता सोडता म्हणाला, "पण हे चित्र एका डॉक्टरांनी माझ्याकडूनच घेतलंय. मी ज्यांच्याकडून घेतलं ती माणसं भली. सही तुमची. पण डॉक्टरांच्या ओळखीचा एक जाणकार म्हणाला, हे नीहारकणाचं नाही. त्यांच्या चित्रातलं पांढरं दुधासारखं असतं, हे डाळीच्या पाण्यासारखं आहे. आता प्रदर्शनाच्या तोंडावर ही कुजबुज सुरू झाली तर..."

"तर काय?"

"तर पस्तीसच्या पस्तीस चित्रांकडं लोक तिरक्या नजरेनं बघतील."

कागद बाजूला झाला. पौषातलं अकराचं ऊन अंगणात उतरलं होतं, आणि त्या उन्हात ते चित्र बसायच्या लाकडी चौकीवर उघडं पडलं. धुक्यातला एक हापसा. त्याच्याखाली ओळीनं ठेवलेल्या दोन घागरी, एक सरळ, एक कलती. माणूस कुणीच नाही. धुकं पिवळसर, जड. खाली उजव्या कोपऱ्यात तांबड्यात सही: नीहार.

बुलूनं चार वर्षांनी आपलं चित्र पाहिलं. आयुष्यातलं एकुलतं एक. तिला वाटलं, आपण धावत जाऊन पदराखाली झाकावं, जसं उघड्या बाळाला कुणी झाकतं. ती जिथं होती तिथंच उभी राहिली.

तेविसाव्या वर्षी बुलू या घरात परत आली, तेव्हा नवऱ्याच्या तेराव्याला पंधरा दिवसही उलटले नव्हते. दादा रेल्वेत कारकून. बौदी शाळा सुटली की पडवीत चित्रं काढायची. पहिल्याच आठवड्यात बौदीनं हाक मारली, "बुलू, जरा इकडं धर." धरायचे होते कागदाचे दोन कोपरे. वॉशच्या चित्राला रंग लावून वाळवायचं, मग आख्खा कागद जस्ती पत्र्याच्या तसराळ्यात पाण्याखाली बुडवायचा. कच्चा रंग सुटून जातो, पक्का तेवढा कागदात मुरतो. मग पुन्हा रंग, पुन्हा पाणी. एकेका चित्राला वीस पाणी. ओला कागद एकट्याला उचलत नाही, मधोमध फाटतो. दोघं लागतात, आणि दोघांचे चार हात एका श्वासात खाली-वर व्हावे लागतात.

तेव्हा धरलेले ते दोन कोपरे बुलूनं एकतीस वर्षं सोडले नाहीत. दादा गेला तेव्हाही दीड महिन्यानं पहिलं काम तेच झालं. श्रावणात गच्चीवरचं पावसाचं पाणी जुन्या साडीतून गाळून मातीच्या रांजणांत साठवायचं, तेही बुलूचंच काम. हापशाच्या पाण्यात लोखंडाचा अंश, त्यानं कागद पिवळा पडतो. बौदीच्या चित्राला हापशाचं पाणी वर्ज्य.

"हापसा?" बौदी चित्रावर वाकली. "मी हापसा काढला?"

"नाही काढलात?"

"आयुष्यात नाही. बदकं काढली, ताडाची झाडं काढली, घाटावरच्या बायका तर इतक्या काढल्या की त्यांना माझ्या घरभाड्यात वाटा द्यायला हवा. हापसा..." ती थांबली. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेपासून तिला रंग जरा निळसर दिसायचे. ती हे कुणाला सांगायची नाही. बुलूला माहीत होतं. "हात तर माझ्यासारखा आहे. ही घागरीची कड बघ. अशी कड मीच सोडते."

'मी पाहूनच शिकले ना,' बुलू मनात म्हणाली.

तेवढ्यात शेजारची कनक मधलं दार ढकलून आत आली, खजुराच्या नव्या गुळाचं भांडं घेऊन. ही बाई कधीही येते आणि नको तेव्हाच येते, हे गल्लीत सर्वांना पाठ होतं.

"दीदी, गूळ घ्या, काल रात्रीच... अगोबाई!" भांडं हातातच राहिलं. "हे तर आमच्या टुंपाचं! लग्नात दिलेलं! इथं कसं आलं?"

बुलूनं कपबशा खाली ठेवल्या.

"टुंपाचं?" हिरण्मय ताडकन वळला. "तुमच्या मुलीला हे कुणी दिलं?"

"कुणी म्हणजे? यांनीच. या गल्लीतल्या कुठल्या पोरीचं लग्न दीदीच्या चित्राशिवाय झालंय? बुलूदी स्वतः मांडवात घेऊन आल्या होत्या. म्हणजे त्या मेल्यांनी विकलं? माझ्या पोरीच्या लग्नातलं चित्र विकलं? टुंपाच्या सासूला ना मी..."

"कनक, थांब." बौदीचा आवाज बारीक झाला होता. "टुंपाचं लग्न फाल्गुनात झालं. मी तेव्हा कोलकात्यात होते. डोळ्यांवर पट्टी बांधून."

"तर काय झालं? तुम्ही नव्हता, तुमचं चित्र होतं."

बौदी बुलूकडं वळली. सगळे वळले.

"जुन्यातलं दिलं असशील तू. हो ना बुलू? पडवीत राहिलेलं एखादं?"

आता खरं सांगायचं झालं तर हीच वेळ होती. वाक्य छोटं होतं. पण कनक उभी, तो कोलकात्याचा माणूस उभा, आणि एकतीस वर्षांचं घर पाठीशी उभं. बुलू म्हणाली, "हो."

एवढंच. "हो."

"संपलं!" हिरण्मयनं मांडीवर थाप मारली. "मासीमा, मागच्या बाजूला दोन ओळी लिहून द्या, चित्र माझं आहे म्हणून. मी दोनच्या गाडीनं परत."

बौदी चौकीच्या कडेवर बसली. हात मांडीत घेऊन, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

"अहो, शेकडो चित्रं केलीत..."

"मला माझं एकूण एक चित्र आठवतं, हिरण्मय. चाळीस वर्षांपूर्वीचंही. कुठलं कुठल्या पावसात केलं, कुठल्याला तेराव्या पाण्याला डाग पडला. आणि हे आठवत नाही." ती हसली, पण ते हसू तोंडातच मोडलं. "माझी आई शेवटी शेवटी मलाच विचारायची, बाई, तुम्ही कुणाच्या? तिचंही असंच सुरू झालं होतं. लहानसहान गोष्टीपासून."

कनकनं गुळाचं भांडं हळूच पायरीवर ठेवलं आणि आल्या दारानं निघून गेली. ती न बोलता गेली, हे पहिल्यांदाच घडत होतं.

बुलू घाबरून एक शब्द बोलली होती, आणि तो शब्द बौदीच्या डोक्यात वाळवीसारखा शिरत होता.

"बौदी, असेल गं एखादं विसरलेलं. त्यात काय..."

"तसराळं काढ."

"काय?"

"तसराळं काढ. पावसाचं पाणी भर. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही, डोक्याचा आता नाही. पाण्याचा आहे. माझं चित्र असेल तर वीस पाणी प्यायलेलं असेल, एकविसाव्याला भिणार नाही. कुणी वरवर रंगवून माझं नाव ठोकलं असेल तर दोन मिनिटांत धुऊन जाईल."

हिरण्मय उठून उभाच राहिला. "मासीमा! डॉक्टरांचं चित्र आहे ते! धुऊन गेलं तर मी त्यांना काय, ओला कागद नेऊन देऊ?"

"खोटं असेल तर धुतलेलंच बरं. खरं असेल तर तुझं काय जातंय?"

"आणि अर्धवट असेल तर?"

त्याचं उत्तर बुलूकडं होतं.

ते अर्धवटच होतं. बौदी दवाखान्यात असताना त्या रिकाम्या घरात दुपारी बुलूनं पहिल्यांदा स्वतःसाठी ब्रश ओला केला होता. हापशावरची ती दोन घागरींची ओळ ती रोज पाहायची. बायका घागरी ठेवून घरी जातात, घागरीच त्यांच्या नंबरात उभ्या राहतात. रांजणातल्या पावसाच्या पाण्याला हात लावायची तिची छाती झाली नाही, बौदीला प्रत्येक रांजणाची पातळी माहीत होती. म्हणून हापशाचंच पाणी. समोरचे दोन कोपरे धरायला कुणी नव्हतं, म्हणून फुटपट्टीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. नऊ वेळा कागद बुडवला. दहाव्या वेळी लग्नाची सनई सुरू झाली होती आणि घरात द्यायला दुसरं चित्र नव्हतं. कपाटाची किल्ली बौदीच्या कमरेला, कोलकात्यात. नऊ पाण्यांनी रंग धरतो की नाही, हे कुणी करून पाहिलं नव्हतं.

तिनं तसराळं अंगणात आणलं. रांजणातून पाणी ओतलं. चौकट उलटी करून खिळे काढले, काच बाजूला ठेवली. काच ठेवताना तिनं हिरण्मयकडं पाहिलं. हा माणूस अडवेल, अजून अडवेल. तो नखं खात उभा होता.

"धर," बौदी म्हणाली.

बुलूनं आपले दोन कोपरे धरले. बौदीनं समोरचे दोन. मध्ये तो हापसा, त्या दोन घागरी.

"एवढे घट्ट का धरलेस कोपरे?"

"फाटेल म्हणून."

"अजून कोरडा आहे, बुलू."

चार हात एका श्वासात खाली गेले. पाणी कडेनं आत सरकलं, घागरींवरून गेलं, हापशाच्या दांड्यावर चढलं. कागद बुडाला. बौदी नेहमीसारखं मोजू लागली. एक, दोन, तीन.

बुलूचे डोळे आभाळाच्या डाव्या कोपऱ्यावर खिळले होते. तो भाग तिनं शेवटी केला होता, त्याला तीनच पाणी मिळालं होतं. बारा. तेरा. एक पिवळट वाफ कागदावरून उठल्यासारखी झाली. तिच्या घशातून आवाज निघणार, तोच ती वाफ विरली. खाली आभाळ होतं तसंच. वीस. एकवीस. घागरी होत्या तशाच. कलती घागर कलतीच.

"हलत नाही!" हिरण्मय गुडघ्यांवर बसला होता. "मासीमा, काही हलत नाही! अस्सल आहे! मी म्हटलं नव्हतं?"

चित्र वाचलं. बुलूला हसू आवरेना. नऊ पाणी, हापशाचं पाणी, कपड्यांचे चिमटे, आणि तरी रंग कागदात मुरला होता. तिचा रंग. तिनं हे सांगायला वर पाहिलं, सवयीनं, जसं ती घरातली कुठलीही चांगली गोष्ट बौदीला सांगायला वर पाहायची.

बौदीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मोजणं थांबलं होतं.

"म्हणजे मीच काढलं," ती म्हणाली. "मीच काढलं आणि मला माहीत नाही." तिनं कोपरे सोडले नाहीत. "हिरण्मय, प्रदर्शन राहू दे. ज्या बाईला स्वतःचं चित्र ओळखता येत नाही तिनं लोकांपुढं उभं राहायचं? उद्या कुणी काहीही आणून दाखवेल आणि मी हो म्हणेन."

"मासीमा, असं काय बोलता!"

"ते तू काढलेलं नाहीस," बुलू म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. हिरण्मय समजावतच होता.

"बौदी! ते तू काढलेलं नाहीस. मी काढलंय."

बौदीनं मान हलवली.

"दया नको दाखवूस माझ्यावर," बौदी म्हणाली. "म्हातारपणी चळणाऱ्या माणसाला लोक असंच गोड गोड सांगतात. आईला मीही सांगायचे."

"दया नाही गं! मी काढलं. तू दवाखान्यात होतीस. टुंपाच्या लग्नाला द्यायला काही नव्हतं."

"बुलूदी," हिरण्मय जपून बोलला, "सही मासीमांची आहे. मी ही सही डोळे मिटून ओळखतो."

"मग डोळे उघडा आणि बघा."

उजव्या कोपऱ्यातून तांबड्याचा एक धागा निघाला होता. दोऱ्याचं रीळ सुटावं तसा तो पाण्यात उलगडत होता. आधी शेवटचं अक्षर गेलं, मग मधलं. बुलूलाही ते आत्ताच उमगलं. बौदी सही सतराव्या पाण्यानंतर करते आणि वर आणखी तीन पाणी देते, म्हणजे नाव कागदात बुडतं. बुलूनं सही केली होती फ्रेमवाल्याकडं जायच्या दहा मिनिटं आधी, रिक्षा दारात उभी असताना. त्या नावाला पाणी मिळालंच नव्हतं.

पाणी किंचित गुलाबी झालं. चित्र होतं, नाव नव्हतं.

"उचल," बौदी म्हणाली. आवाज मास्तरणीचा. दोघींनी कागद उचलला, फळीवर पसरला. बौदी त्याच्यावर इतकी वाकली की नाक टेकेल. कोपरा पाहिला. आभाळ पाहिलं. मग ती सरळ झाली आणि मोठ्यानं हसली, गालावरचं पाणी तसंच ठेवून.

"डोकं ठिकाणावर आहे माझं! ऐकलंस हिरण्मय? मी नाहीच काढलं! मी म्हटलं होतं ना, मी हापसा काढत नाही!"

मग ती बुलूकडं वळली आणि हसू असं गेलं की जणू कधी नव्हतंच.

"चोरटी."

बुलूनं मान खाली घातली नाही. तिला वाटलं होतं, घालेल.

"पाणी कुठलं वापरलंस?"

"हापशाचं."

"माझ्या पावसाच्या पाण्याला हात लावायला भ्यालीस, आणि माझ्या नावाला लावायला नाही भ्यालीस?"

"भ्याले. पण बुलूच्या नावाचं चित्र मांडवात कुणी घेतलं असतं? टुंपाच्या सासूनं त्यात भजी बांधून दिली असती."

"म्हणून माझं नाव?"

"तुझंच नाव माहीत आहे मला लिहायला. एकतीस वर्षं रोज बघते."

"आणि मघाशी 'हो' म्हणालीस ते? मी वेडी होतेय असं मला वाटू दिलंस. मुकाट उभी राहिलीस. ते चित्राहून मोठं पाप आहे, बुलू."

"आहे," बुलू म्हणाली. "ते आहे." आणि आता मात्र तिची मान खाली गेली.

हिरण्मयनं घसा खाकरला. त्याच्या गाडीची वेळ होत आली होती. "मासीमा, आता मी डॉक्टरांना काय सांगू? खोटं निघालं म्हणू?"

"खोटं नाही ते," बुलू झटक्यानं म्हणाली. "बौदीचं नाही, एवढंच. खोटं म्हणू नका."

हिरण्मय बौदीकडं पाहत राहिला. बौदी चित्राकडं. बुलूला वाटलं, मघाशी पाण्यात बरं होतं. तिथं निदान मोजता येत होतं.

"डावीकडचं आभाळ कच्चं आहे," शेवटी बौदी म्हणाली. "हापशाचा दांडा नको तितका जाड. आणि हे धुकं... हे गंजक्या पाण्याचं ना? माझ्या पावसाच्या पाण्यात असलं धुकं सात जन्मांत यायचं नाही." तिनं ओठ चावला. "डॉक्टरांना सांग, नीहारकणा म्हणते, चित्र तिचं नाही. पण घरातून गेलंय, तर बदली देते. माझं एक घेऊन जा. हे इथंच राहील."

"पस्तीसमधलं?"

"पस्तीसमधलं. कुठलं द्यायचं ते ही सांगेल. चोरी तिनं केलीय, नुकसानही तिनंच निवडावं."

बुलूनं पडवीकडं पाहिलं. भिंतीला टेकून पस्तीस चित्रं उभी होती, प्रत्येकाचे दोन कोपरे तिच्या हातांतून गेलेले. तिला वेळ लागला नाही.

"बदकांचं द्या."

"बदकांचं?" बौदी कडाडली. "ते माझं सगळ्यात चांगलं आहे! ते दारासमोर लागणार आहे!"

"कुठलं चांगलं? सहाव्या पाण्याला तू घाई केलीस. ओलं असतानाच पुढचा रंग लावलास. तिसऱ्या बदकाची मान बघ, चिखल झालाय."

"सहाव्या पाण्याला? ते दोन वर्षांपूर्वीचं आहे. आणि तू आज सांगतेस?"

"तू कधी विचारलंस?"

"चिखल म्हणे! हिरण्मय, तू सांग, कुठाय चिखल?"

हिरण्मय पडवीत गेला, बदकांचं चित्र उचलून उन्हात आणलं, डोळ्यांजवळ नेलं आणि काही न बोलता वर्तमानपत्रात गुंडाळू लागला.

"काय रे? बोलत का नाहीस?"

"दोनची गाडी, मासीमा," तो म्हणाला, आणि दोरीची गाठ मारायला त्यानं नको तितका वेळ घेतला.